रात्री दचकून उठणारं लेकरू

श्रोतेहो, नमस्कार. घरातलं दोन-तीन वर्षांचं लेकरू मध्यरात्री किंचाळून उठतं आणि सगळं घर जागं होतं. कुणी मोठा दिवा लावतं, कुणी पाणी पाजतं, कुणी विचारत सुटतं, "काय दिसलं रे तुला?" आपल्या कोल्हापुरात आई-वडिलांपेक्षा आज्याच मला याबद्दल जास्त विचारतात.

आधी घड्याळ बघा. वाईट स्वप्नं बहुतेक वेळा पहाटेच्या बाजूला पडतात, कारण स्वप्नांची झोप तेव्हा जास्त असते. मूल पुरतं जागं होतं, आईला ओळखतं, गळ्याला मिठी मारतं. त्याला लगेच जवळ घ्या. पाठीवरून हात फिरवत हळू आवाजात म्हणा, "मी हाय की इथं." एवढं पुरतं. स्वप्नाची चौकशी तेव्हा नको. या वयात स्वप्न कुठलं आणि खरं कुठलं हे कळत नाही, म्हणून "काही नाही, झोप गप" म्हटल्यानं त्याची भीती जात नाही. कपाटामागं बुवा शोधायलाही जाऊ नका. मोठी माणसं शोधतायत म्हणजे तो असणारच, असं त्याला वाटतं.

झोपल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत मूल ओरडत उठून बसलं, डोळे टक्क उघडे, अंगाला घाम, आणि आईलाच ढकलून देतंय, तर ते स्वप्न नव्हे. मूल तेव्हा गाढ झोपेत असतं. बघणाऱ्याच्या काळजाचं पाणी होतं आणि बाहेरची बाधा झाली असं वाटू लागतं. तसं काही नसतं. त्याला गदागदा हलवून उठवू नका. पडणार नाही, कुठं आपटणार नाही एवढं बघत शेजारी बसा. बहुधा काही मिनिटांत ते आपोआप आडवं होतं आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. आजीला दृष्ट काढायचीच असेल तर संध्याकाळी काढू द्या. रात्री मीठ-मोहऱ्या-मिरच्यांचा धूर केला तर ठसका लागून उरलीसुरली झोपही जाते.

आता मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ते जेवणाच्या ताटाबद्दल. भाताचा घास तोंडाशी धरून आपण सहज म्हणतो, "खा, न्हाईतर बुवाला बोलावतो," "पोलीस धरून नेतील," "डॉक्टर सुई टोचतील." घास जातो पोटात, पण बुवा डोक्यात राहतो आणि अंधारात बाहेर येतो. हे आजपासून बंद करा. दोन घास कमी गेले तरी चालतील.

झोप अपुरी पडली तरी हे प्रकार वाढतात. 1 ते 2 वर्षांच्या मुलाला दुपारची धरून 11 ते 14 तास झोप लागते, 3 ते 5 वर्षांच्या मुलाला 10 ते 13 तास. गणपतीच्या मिरवणुकीत उशिरापर्यंत खांद्यावर बसलेलं पोर त्या रात्री दचकलं तर नवल नाही. झोपण्याआधी तासभर मोबाइल, टीव्ही बंद ठेवा. तापातही मुलं अशी दचकतात.

मूल रोज घोरत असेल, झोपेत श्वास अडखळत असेल, अंगाला झटके येत असतील किंवा दिवसाही भेदरलेलं राहत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. जाताना रात्रीचा मोबाइलवर घेतलेला छोटा व्हिडिओ सोबत न्या; तो बघून डॉक्टरांना निदान करणं पुष्कळ सोपं जातं.