सावली पायाखाली येते तेव्हा

(दांडिया बाजार, बडोदा. एका जुन्या घराची गच्ची. मे महिना, भर दुपार.)

ही आमची गच्ची. आजूबाजूचे सगळे अगाशी म्हणतात, आता आमच्याही तोंडात तेच बसलंय. सकाळपासून आईने कुरडया घातल्यात, खाली प्लास्टिक, वरून जुनं सुती पातळ, कारण कावळे चोच मारतात. कुरडयांवर कपडा आहे, आणि त्या राखत बसलेल्या आईच्या डोक्यावर काहीच नाही.

आता तिच्या पायाशी बघा, सावली जवळपास नाहीच. घड्याळात साडेबारा वाजून गेलेत. बारा वाजता सूर्य डोक्यावर असं आपण म्हणतो खरं, पण भारताची वेळ ठरते मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखांशावर आणि बडोदा त्याच्या खूप पश्चिमेला, म्हणून इथे सूर्य माथ्यावर यायला साडेबाराच्या पुढे होतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात तर एक दिवस असा येतो की उभ्या काठीची सावलीच पडत नाही. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड दिसली की समजायचं हे ऊन त्वचेला जड जाणार, आणि मे महिन्यात सकाळी दहाच्या आधीपासून ते पार दुपारी चारच्या आसपासपर्यंत ती आखूडच असते.

एक गोष्ट मला स्वतःला फार उशिरा कळली. जी गरमी जाणवते आणि जे त्वचा बिघडवतं ते दोन्ही एक नाही. अल्ट्राव्हायोलेट, म्हणजे यूव्ही, किरण जाणवतच नाहीत. उत्तरायणच्या दिवशी आठवा, जानेवारीतला गार वारा, दिवसभर अगाशीवर पतंग, कोणालाच ऊन लागत नाही, आणि संध्याकाळी आरशात बघितलं की नाक आणि मान काळवंडलेली असते.

या किरणांमध्ये दोन जाती आपल्या कामाच्या. यूव्हीबी त्वचा भाजतं, लाल करतं. यूव्हीए जास्त आत जातं, सुरकुत्या आणि डाग हे बरंचसं त्याचं काम, आणि ते खिडकीच्या साध्या काचेतूनही येतं, म्हणजे खिडकीशी रोज तासन्‌तास बसणाऱ्यांनी मी तर घरातच असते म्हणून निश्चिंत राहू नये. आपल्या सावळ्या रंगात मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, जास्त, त्यामुळे गोऱ्या लोकांइतका त्वचेचा कॅन्सर आपल्याकडे दिसत नाही. पण डाग आपल्याला जास्त पडतात आणि लवकर जात नाहीत.

(आईचा चेहरा, जवळून.)

आईच्या दोन्ही गालांवर हे वांग आहे. माझ्या वेळेस दिवस गेले तेव्हा आलं, आणि दर उन्हाळ्यात, वाळवणं झाली की आणखी गडद होतं. मध्ये कोणीतरी सांगितलं म्हणून तिने एक ट्यूब आणली, चिठ्ठी नाही काही नाही, तीन आठवड्यांत गाल उजळले, घरात सगळे खूश, आणि ट्यूब बंद केली तसे गाल लालबुंद, नुसतं पाणी लागलं तरी आग. आत स्टिरॉईड होतं. अशी बरीच मलमं २०१८ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे, तरी हातोहात फिरतातच. कृपा करून चेहऱ्याला दुसऱ्याची ट्यूब लावू नका. आणि लिंबू चोळून उन्हात तर अजिबात नको, लिंबाच्या रसातली काही द्रव्यं उन्हाने चेततात आणि फोड येऊन काळे डाग पडतात.

(रावपुऱ्याचा रस्ता, ॲक्टिवावरच्या मुली.)

या मुलींनी बांधलीये ती बुकानी, डोळे सोडून सगळं झाकलेलं, आणि मला विचाराल तर कुठल्याही क्रीमच्या आधी हीच. फक्त ओढणी एकदा उजेडासमोर धरून बघा, आरपार दिसत असेल तर ऊनही आरपार येणार. घट्ट विणीचा, गडद रंगाचा कपडा चांगला, पातळ असेल तर दुहेरी घडी. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि पायांवर मोजे, नाहीतर चपलेच्या पट्ट्यांचे पांढरे छापे उमटतात.

कमाटीबागेत दाट झाडाखाली बसलात तर फरक पडतोच, तरी उघड्या आभाळाकडून थोडं यूव्ही सावलीतही पोचतं. म्हणून उघड्या राहणाऱ्या जागेला सनस्क्रीन. एसपीएफ म्हणजे यूव्हीबी किती अडतं ते सांगणारा पाकिटावरचा आकडा. एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी अडवतं, ५० वालं ९८, म्हणजे आकड्यापाठी पैसे घालवण्यापेक्षा ते पुरेसं लावा. लॅबमध्ये हा आकडा काढतात तो चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लावून, आणि आपण लावतो वाटाण्याएवढं! दोन बोटांवर लांब रेघ ओढा, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला. कान, हाताची पाठ विसरू नका. निघायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावा, मग दर दोन तासांनी परत, घाम पुसला की लगेच. पाकिटावर पीए आणि पुढे प्लसच्या खुणा बघा, त्या यूव्हीएसाठी. वांग असेल तर आयर्न ऑक्साईडवालं, रंगाची झाक असलेलं सनस्क्रीन डॉक्टरांना विचारून घ्या, कारण वांग साध्या दिसणाऱ्या प्रकाशानेही वाढतं.

(संध्याकाळ. गच्ची. सावल्या लांब.)

आईने यंदा वेळ बदललीये. कुरडया सकाळी सातच्या आत घालून होतात, दुपारी त्या एकट्याच वाळतात, कावळ्यांसाठी पातळाच्या चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्यात आणि ती खाली पंख्याखाली. पलटायला साडेपाचला येते, डोक्यावरून पदर घेऊन. उद्याचा चीक पहाटे शिजवायचाय, पाचचा गजर लावून झालाय.