पडदा, फळा आणि खिडकी

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी हे लहानसे गाव आहे. येथील जिल्हा परिषद शाळेत त्या वेळी शिकवणारे रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळाले, तेव्हा त्यांनी पाठ्यपुस्तकांत आणलेले क्यूआर कोड देशभर चर्चेत आले. पानावरचा तो काळा-पांढरा चौकोन मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरला, की कवितेचे वाचन ऐकू येते किंवा पाठाची चित्रफीत सुरू होते. मूल जे पुस्तक रोज दप्तरात नेते, त्यालाच तंत्रज्ञान जोडले गेले, हे या कल्पनेचे खरे बळ आहे. डिजिटल वर्गखोली उभारतानाही विचाराची सुरुवात तेथूनच व्हायला हवी. उपकरणांची यादी नंतर करता येते.

सोलापुरात पहिला प्रश्न उन्हाचा आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पश्चिमेच्या खिडकीतून येणारी तिरीप थेट पडद्यावर पडली, तर प्रोजेक्टर कितीही महागाचा असला तरी चित्र फिकट दिसते. म्हणून शक्य तेथे खिडक्या उत्तरेला आणि दक्षिणेला ठेवाव्यात, दक्षिणेच्या खिडक्यांवर छज्जा काढावा आणि पडदा पूर्वेच्या किंवा पश्चिमेच्या सलग भिंतीवर लावावा. असे केल्यास खोलीत उजेड आणि वारा दोन्ही राहतात, आणि चित्र दिसावे म्हणून मुलांना दारे-खिडक्या लावून उकाड्यात बसावे लागत नाही.

यानंतर शेवटच्या बाकाचा विचार करावा. चित्राच्या उंचीच्या सुमारे सहापटीपलीकडे बसलेल्या मुलाला बारीक अक्षरे वाचणे अवघड जाते. पंचाहत्तर इंची पॅनेलची, म्हणजे भिंतीवरच्या मोठ्या डिजिटल पडद्याची, उंची जेमतेम तीन फूट असते. म्हणजे शेवटचा बाक अठरा फुटांच्या आत हवा, अन्यथा अक्षरे मोठी करावीत. पॅनेलशेजारी खडूचा फळा मात्र अवश्य ठेवावा. पडद्यावरचे दृश्य पुढे सरकते, तर गणिताच्या पायऱ्या फळ्यावर तशाच राहतात आणि मागे पडलेल्या मुलाला पुन्हा पाहता येतात.

स्लॅबच्या मोकळ्या खोलीत आवाज घुमतो, आणि मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषांच्या शाळा असलेल्या या शहरात मुलांना उच्चार स्पष्ट ऐकू येणे फार मोलाचे आहे. मागच्या भिंतीवर जाड सुती कापड सोडले तरी हा घुमारा काहीसा कमी होतो. सोलापुरी चादरीच्या गावात ते शोधत फिरावे लागणार नाही.

विजेची व्यवस्था भिंती रंगवण्यापूर्वीच ठरवावी. वायरी मुलांच्या पायांत येऊ नयेत, विजेच्या बोर्डाला अर्थिंग, म्हणजे गळती झालेली वीज जमिनीत उतरवणारी जोडणी, असावे आणि वीज गेल्यावर पॅनेल तासभर चालेल एवढा इन्व्हर्टर असावा. इंटरनेटवर विसंबून न राहता चित्रफिती आधीच उतरवून घ्याव्यात. येथील कोरड्या जमिनीत उन्हाळ्यात ओल आटली की अर्थिंगचा उपयोग कमी होतो. त्यामुळे अर्थिंगच्या खड्ड्यात नियमित पाणी घालण्याचे काम शाळेने कोणाकडे तरी नेमून द्यावे.