नोटेवरचा पूल

(दृश्य : बाजार, भाजीवालीच्या हातातली नोट)

ही कंबोडियाची ५०० रिएलची नोट. तिच्यावर मेकाँग नदीवरचा किझुना पूल आहे, २००१ साली जपानने बांधून दिलेला. ‘किझुना’ म्हणजे ऋणानुबंध.

(दृश्य : जुनं चित्रण, तुटका पूल)

ही गोष्ट मात्र दुसऱ्या पुलाची. राजधानी नॉम पेन्हमधला च्रोय चांगवार. साठच्या दशकात जपानी मदतीनेच उभा राहिला, यादवीत उडवला गेला आणि वीसेक वर्षं तसाच पडून राहिला.

जून १९९०. कंबोडियातली लढाई थांबवण्यासाठी टोकियोने माजी राजे सिहानूक आणि पंतप्रधान हुन सेन यांना चर्चेला बोलावलं. ख्मेर रूज या कडव्या कम्युनिस्ट बंडखोर गटाने तिथे सही केली नाही. तरी २३ ऑक्टोबर १९९१ला पॅरिसमध्ये शांतता करार झाला. देशाची घडी बसवायचं काम संयुक्त राष्ट्रांकडे आलं, आणि त्या मोहिमेचे प्रमुख होते जपानचेच यासुशी आकाशी.

(दृश्य : जपानी संसद, जून १९९२)

हे नीट बघा. विरोधी खासदार मतदानाला निघालेत, पण मुद्दाम रेंगाळत, पावलापावलाने. जपानीत याला ‘बैलचाल’ म्हणतात. आपल्या संविधानाच्या नवव्या कलमाने युद्धाचा त्याग केलेल्या देशाने आपले जवान बाहेर पाठवायचे का, यावरचं हे मतदान. तासन्तास चाललं. कायदा झाला.

(दृश्य : टाकेओ, बुलडोझर, चिखल)

त्याच वर्षी ६०० जपानी जवानांची अभियंता तुकडी कंबोडियाच्या दक्षिणेतल्या टाकेओला आली. राष्ट्रीय मार्ग २ आणि ३ यांची पार चाळण झाली होती. जवानांनी खड्डे बुजवले, तांबडा मुरूम पसरला, रोलर फिरवला, मोडके पूल दुरुस्त केले. पाऊस आला की पुन्हा चिखल, पुन्हा मुरूम. वर्षभर हेच. लढाई थांबली हे खेड्यातल्या माणसाला सह्यांवरून कळत नाही. तांदळाची गाडी न रुतता बाजाराला पोचली की कळतं. म्हणून आम्ही या रस्त्यावर इतका वेळ थांबलो.

एप्रिल १९९३मध्ये आत्सुहितो नाकाता हा संयुक्त राष्ट्रांचा तरुण जपानी स्वयंसेवक मारला गेला, मे महिन्यात एक जपानी पोलीस.

(दृश्य : मतदानाच्या रांगा. निवेदन थांबते.)

२३ ते २८ मे १९९३. संयुक्त राष्ट्रांनी घेतलेली निवडणूक. जवळपास ९० टक्के मतदान.

१९९७मध्ये सत्तेतल्याच दोन गटांत राजधानीत पुन्हा गोळ्या झाडल्या गेल्या.

(दृश्य : च्रोय चांगवार, संध्याकाळ)

पूल १९९४मध्ये पुन्हा खुला झाला. लोक त्याला ‘जपानी पूल’ म्हणतात. संध्याकाळी दुचाक्यांची ही गर्दी असते.