कुकरच्या शिट्ट्या आणि महिन्याचा हिशेब

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय 'तुटपुंज्या मिळकतीत घरखर्च'. त्याचे तीन भाग आहेत, गॅस, वीज आणि वाणसामान, प्रत्येकाला पंधरा मिनिटं. वेळ पाळीन असा शब्द संयोजकांना दिलाय. त्यांचा विश्वास बसलेला दिसत नाही, घड्याळ माझ्या समोरच आणून ठेवलंय.

सुरुवात गॅसपासून, आणि गॅसमध्ये कुकरपासून. 'डाळीला किती शिट्ट्या?' हा प्रश्न आपल्या प्रत्येक घरात विचारला जातो. हॉस्टेलवरचा मुलगा फोन करून विचारतो, नवी सून सासूला विचारते, आणि उत्तर ठामपणे मिळतं: तीन. शेजारी पाच. छोल्यांना आठ. आता मला सांगा, आठ शिट्ट्या म्हणजे किती वेळ? आच मोठी असेल तर पाच-सहा मिनिटांत आठ होतात. आच बारीक असेल तर अर्ध्या तासातही होत नाहीत. कुकर गच्च भरलेला असेल तर हिशेब वेगळा, अर्धा असेल तर आणखी वेगळा. इतकं बेभरवशाचं माप आपण वाण्याच्या तराजूत एक दिवस चालवून घेणार नाही, स्वयंपाकघरात मात्र वर्षानुवर्षं चाललंय. (हशा)

शिट्टी मुळात मोजण्यासाठी केलेलीच नाही. देनी पापाँ नावाच्या फ्रेंच माणसाने 1679 साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाफेच्या दाबावर शिजवणारं भांडं दाखवलं. त्यात हाडंसुद्धा मऊ व्हायची. भांडं फुटू नये म्हणून त्याने त्याला वजन लावलेली झडप बसवली. दाब वाढला की वजन उचललं जाणार आणि जादा वाफ बाहेर. आपली शिट्टी म्हणजे तेच वजन, फक्त आवाज करणारं. ती वाजते तेव्हा कुकर एवढंच सांगतोय, की आत हवा तेवढा दाब झाला, आता तुम्ही देताय ती उष्णता मला नको. आणि आपण काय करतो? खूश होऊन 'एक' म्हणतो.

यामागचं कारण नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं पाठ करावं लागणार नाही. उघड्या पातेल्यात पाणी उकळायला लागलं की आच कितीही वाढवा, पाणी त्याहून गरम होत नाही, फक्त लवकर आटतं. समुद्रसपाटीला ते 100 अंशांवर उकळतं, पुण्यात साधारण 98 वर, महाबळेश्वरला 95-96 वर. डोंगरावर डाळ शिजता शिजत नाही ती यामुळे. कुकरमध्ये दाब वाढल्यामुळे तापमान 120 अंशांच्या आसपास जातं. पण तेही तिथेच थांबतं. शिट्टीचं वजन त्याला पुढे जाऊच देत नाही. म्हणजे पहिल्या शिट्टीनंतर मोठी आच ठेवली तरी आतली डाळ एका अंशाने जास्त तापत नाही. तुम्ही गॅस जाळून वाफ तयार करता आणि ती ओट्यावरच्या फरशांना देता.

तेव्हा रीत अशी. कुकरच्या तळाशी दोन वाट्या पाणी. डाळीचं भांडं खाली, भाताचं वर. तूरडाळ अर्धा तास भिजलेली, हरभराडाळ दोन तास, छोले-राजमा रात्रभर. वाटीभर भिजलेल्या तूरडाळीला दोन वाट्या पाणी पुरतं. झाकण लावून आच मोठी ठेवा. तोंडातून वाफेची सलग धार दिसली की मग शिट्टी बसवा, कारण आतली हवा आधी निघून गेली पाहिजे. पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक करा आणि घड्याळ बघा. भात आणि तूरडाळ एकत्र असतील तर सहा मिनिटं. भिजलेले छोले किंवा राजमा पंधरा ते वीस. मग गॅस बंद. झाकणाला हात लावायचा नाही. दाब आपोआप उतरायला आठ-दहा मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ आत शिजणं चालूच असतं, तेही फुकट. नळाखाली कुकर धरून दाब उतरवणारे ही शेवटची दहा मिनिटं मोरीत सोडून देतात.

बारीक आच म्हणजे किती? शिट्टी उचलली जाऊ नये, पण कडेने हलकी सुरसुर ऐकू यावी. सुरसुर अजिबात थांबली तर दाब उतरला समजा, आच केसभर वाढवा.

एवढं करूनही बिघडतं, आणि कारणं ठरलेली आहेत. शिट्टी होण्याआधीच झाकणाच्या कडेने वाफ येते, तेव्हा रबर सैल झालेलं असतं. गार पाण्यात किंवा फ्रीजरमध्ये थोडा वेळ ठेवलं की त्या दिवसापुरतं भागतं, पण नवीन रबराचे पैसे चुकत नाहीत. वाचवायला जाल तर गॅसमध्ये त्याहून जास्त जातील. तळाचं पाणी कमी पडलं तर सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. तिथे दुसऱ्या कंपनीचा व्हॉल्व्ह किंवा शिट्टी बसवू नका, वजन वेगळं असतं. डाळ तासभर शिजूनही टचटचीत राहते तेव्हा दोष कुकरचा नसतो. एक तर डाळ जुनी आहे, नाही तर पाणी बोअरचं, जड आहे, नाही तर कुणीतरी आमसूल किंवा टोमॅटो आधीच घातलाय. आंबट नेहमी शिजल्यावर. सोड्याची चिमूट डाळ लवकर मऊ करते खरी, पण बी-1 जीवनसत्त्व मारते. आणि जड पाण्याने कुकर आतून काळा पडत असेल तर तळाच्या पाण्यात पिळलेल्या लिंबाची साल टाका.

आता रुपये. हिशेब ढोबळ आहे, आपल्या शेगडीवर तपासून घ्या. मोठा बर्नर पूर्ण आचेवर तासाला साधारण 160 ग्रॅम गॅस खातो असं धरू. पंधरा मिनिटं मोठ्या आचेवर शिट्ट्या मोजल्या तर 40 ग्रॅम. पहिल्या शिट्टीपर्यंत सात मिनिटं मोठी आच आणि मग सहा मिनिटं बारीक, तर सुमारे 25. एका कुकरमागे 15 ग्रॅम, दोन वेळचे 30, महिन्याला 900 ग्रॅम. घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो. त्याची किंमत साडेआठशे धरली तर किलोला 60 रुपये, म्हणजे महिन्याला चोपन्न रुपये. मागच्या रांगेतले हसले. हसा, पण वर्षाला हा पाऊण सिलिंडर होतो, आणि यासाठी काहीही विकत आणावं लागलेलं नाही.

सिलिंडर घेताना दोन गोष्टी बघा. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या वरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. त्यात 14.2 मिळवा आणि दारातच वजन करून मागा, तो तुमचा हक्क आहे. दुसरं, तिथेच एक अक्षर आणि वर्ष असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, याप्रमाणे डीपर्यंत. ती चाचणीची मुदत. उलटून गेली असेल तर परत पाठवा. सिलिंडर संपत आला की आडवा करून शेवटचा गॅस काढणारे महाभाग आहेत. कृपा करून करू नका, पातळ गॅस थेट नळीत उतरतो. किती उरलाय ते बघायचं असेल तर ओलं फडकं सिलिंडरवरून फिरवा. वरचा भाग आधी सुकतो, जिथपर्यंत ओल टिकते तिथपर्यंत गॅस.

चिठ्ठी आलीये. 'सात मिनिटं'. विजेची आणि वाण्याची मिळून. (हशा) बरं, भराभर सांगतो.

वीज. 100 युनिटांच्या वर गेलं की सगळ्या युनिटांना वरचा दर लागतो, हा गैरसमज काढून टाका. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या शंभरांना पहिलाच दर राहतो, वरच्यांनाच वरचा. म्हणून वाचलेलं युनिट हे नेहमी तुमच्या बिलातलं सगळ्यात महाग युनिट असतं. कुठे वाचतं? पंख्यात. जुना पंखा 75 वॅटचा, दिवसाला चौदा तास, म्हणजे महिन्याला साडेएकतीस युनिटं. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा 30 वॅटचा, तेवढ्याच वेळात साडेबारा. जो पंखा सर्वांत जास्त फिरतो तोच आधी बदला, पाहुण्यांच्या खोलीतला नको. पंधरा लिटरच्या गिझरला पाणी 25 अंशांवरून 60 पर्यंत न्यायला 0.6 युनिट लागतं, 2 किलोवॅटच्या कॉइलला अठरा मिनिटं. म्हणून आंघोळीआधी वीस मिनिटं लावा, रात्रभर नको.

वाणसामान. पाकिटावर किमतीखाली बारीक अक्षरात दर ग्रॅमचा किंवा दर किलोचा भाव छापलेला असतो. मोठं पाकीट स्वस्तच असेल असं धरू नका, तो आकडा वाचा. तेलात तर खास फसगत होते. एक लिटर तेल म्हणजे साधारण 910 ग्रॅम. लिटरची पिशवी 140 ला आणि किलोची 150 ला असेल तर स्वस्त कोणती? लिटरवाली किलोमागे 154 ला पडते. किलोची घ्या.

मोबाइल राहिला. 28 दिवसांचा रिचार्ज म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा. तीस दिवसांचा एक तरी प्लॅन ठेवणं कंपन्यांना 2022 पासून बंधनकारक आहे. तो ॲपमध्ये खाली कुठेतरी दडलेला असतो. शोधा, दोन्हींचा दिवसाचा भाव काढा आणि मग ठरवा, कारण तो दरवेळी स्वस्त असतोच असं नाही.

घंटा वाजली. छोल्यांविषयीच्या तीन चिठ्ठ्या आल्यात, त्यांना खाली उतरून उत्तर देतो.