कच्च्या रेखाटनांच्या वह्या

(इलस्ट्रेशनच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीने आपल्या कामाच्या प्रदर्शनात केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

भिंतीवरची चित्रं तुम्ही आत येतानाच पाहिली असतील, त्यामुळे त्यांच्याविषयी मी फारसं बोलणार नाही. मला बोलायचंय ते टेबलावरच्या वह्यांबद्दल. पूर्ण झालेल्या चित्रावरून माझा हात कसा आहे एवढंच कळतं. डोकं कसं चालतं ते कच्च्या रेखाटनांतच दिसतं.

माझ्या चित्रपुस्तकातलं एक पान घेऊ. मजकूर एका ओळीचा: 'आजी रात्रभर जागी होती.' पहिल्या थंबनेलमध्ये, म्हणजे काडेपेटीएवढ्या कच्च्या रेखाटनात, आजी अंथरुणावर पडलीय आणि डोळे टक्क उघडे. चित्र वाईट नाही, पण ओळीत आहे तेच ते पुन्हा सांगतंय. मग चित्र हवं कशाला? पुढच्यात खोली वरून पाहिलीय. त्यानंतर घर बाहेरून. सगळा अंधार आणि एकच उजळलेली खिडकी. ही खिडकी मला फार आवडली होती, खोटं कशाला बोलू! पण ती कुणाच्याही घराची असू शकते, तिच्यात ही आजी कुठेच नाही. शेवटी जे निवडलं त्यात तर आजी दिसतच नाही. खुर्चीवर विणायला घेतलेला स्वेटर आहे. आधीच्या पानावर त्याची बाही नुकती सुरू झालेली. पान उलटलं की ती पुरी होऊन खाली लोंबतेय, आणि शेजारच्या अंथरुणाला चुणीसुद्धा पडलेली नाही. रात्र कशी गेली ते मूल आपलं आपण शोधून काढतं.

असले निर्णय थंबनेलमध्येच घ्यावेत. एवढ्याशा चौकटीत नाक-डोळे काढायला जागाच नसते. उरतात ते गडद-फिके आकार आणि त्यांची मांडणी. शिवाय ते रद्द करताना जीव तुटत नाही. दिवसभर खपून रंगवलेल्या चित्राची मात्र आपणच वकिली करायला लागतो.

कच्चं काम चारचौघांत मांडायला संकोच वाटतो, हे खरं. पण १९३७ मध्ये पिकासो 'गेर्निका' हे युद्धाच्या भीषणतेवरचं चित्र रंगवत होता तेव्हा छायाचित्रकार डोरा मार टप्प्याटप्प्याने त्याचे फोटो काढत होती. सुरुवातीच्या टप्प्यात वर उगारलेली मूठ दिसते. पूर्ण झालेल्या चित्रात ती नाही. माझ्या मते ती राहिली असती तर चित्राची घोषणा झाली असती. फोटो नसते, तर तिथे मूठ होती हे बघणाऱ्याला कळलंही नसतं.

छपाईचं थोडक्यात सांगते. चित्रपुस्तकं बहुधा ३२ पानांची, म्हणजे १६ पानी दोन फर्म्यांची (एकत्र छापून घडी घातलेल्या कागदांची) असतात. त्यामुळे पान उलटण्याचे क्षण मोजकेच मिळतात आणि ते जपून खर्चावे लागतात. दोन पानांमधल्या घडीत कुणाचा चेहरा जाऊ द्यायचा नाही. पडद्यावर झळाळणारा निळा चाररंगी छपाईत मंद पडतो, म्हणून माझी रात्र मुद्दामच राखाडीकडे झुकलेली आहे.

वह्या खुशाल चाळा. कोळशाने काढलेल्या पानांवर फिक्सेटिव्ह, म्हणजे कोळसा पुसला जाऊ नये म्हणूनचा फवारा, मारलंय, तरी बोटं जरा जपून. रद्द रेखाटनांवर नुसती काट मारलीय, खोडलेलं काही नाही. त्यातलं एखादं निवडलेल्यापेक्षा सरस वाटलं तर पान क्रमांक सांगा. खिडकीवरून माझा एका मैत्रिणीशी अजून वाद चालू आहे, आणि तिच्या बाजूने बोलणारे आज इथे बरेच भेटतील असं दिसतंय.