लान्चा : रस्त्यावरून गॅरेजकडे?

(दृश्य : रोम, 2 जूनचं संचलन. घोडदळाच्या गराड्यात एक उघडी, गडद निळी गाडी.)

इटलीचा राष्ट्राध्यक्ष प्रजासत्ताक दिनाला या गाडीत उभा राहतो. लान्चा या इटालियन कंपनीची फ्लामिनिया, 1961 ची. स्पेलिंग वाचून आपण लान्सिया म्हणतो, पण कंपनीच्या गावी, तूरिनमध्ये, म्हणतात लान्चा.

व्हिन्चेन्झो लान्चा मूळचा फियाटचा शर्यतपटू. 1906 मध्ये त्यानं स्वतःची कंपनी काढली. 1922 ची लाम्ब्दा बघा. इतरांच्या गाड्या तेव्हा जाड चासीवर लाकडी-पत्र्याचा सांगाडा चढवून बनायच्या, हिचा सांगाडाच भार पेलायचा. पुढची चाकंही एकमेकांवर अवलंबून नव्हती. 1950 च्या ऑरेलियात व्ही-सिक्स, म्हणजे इंग्रजी V च्या आकारात सहा सिलिंडर मांडलेलं इंजिन आलं, बाजारात विकल्या जाणाऱ्या गाडीत पहिल्यांदाच.

हुशारी महाग पडते. हिशेब कोलमडला आणि 1969 मध्ये फियाटनं लान्चा विकत घेतली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीचं मूळ ज्या घराण्यात, तेच हे फियाट.

(दृश्य : जंगलातली कच्ची वाट, धुरळा, इंजिनाचा आवाज.)

फियाटच्या पैशावर रॅली गाजवणारी स्ट्रॅटोस आली, मग डेल्टा. 1987 ते 1992, सलग सहा वर्षं जागतिक रॅली उत्पादक अजिंक्यपद लान्चाकडे. आजवरची एकूण दहा. हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. ब्रिटनमध्ये मात्र लान्चाची ‘बेटा’ ही गाडी त्याआधीच, 1980 च्या सुमारास, गंजाच्या तक्रारींनी बदनाम झाली होती. 1994 मध्ये कंपनीनं तिथून गाशा गुंडाळला.

पुढं फियाटनं ताब्यात घेतलेल्या अमेरिकन क्रायस्लरच्या गाड्यांवर लान्चाचा बिल्ला लावायचा उद्योग झाला. ते दिवस न आठवलेलेच बरे. 2017 नंतर उरला एकच देश, इटली, आणि एकच गाडी, छोटी इप्सिलॉन. पोलंडमधल्या तिखी शहरात बनणारी, स्वस्त, अरुंद गल्लीत सहज वळणारी. रॅलीप्रेमी तिला नाक मुरडायचे. पण 2023 मध्ये, आयुष्याच्या शेवटाकडेही, इटलीत ती 44 हजारांहून अधिक विकली गेली. अख्ख्या ब्रँडची चूल त्या एका गाडीवर पेटत होती.

फियाट आता ज्या समूहात आहे त्या स्टेलान्टिसचे तेव्हाचे प्रमुख कार्लोस तावारेस यांनी 2021 मध्ये प्रत्येक ब्रँडला स्वतःला सिद्ध करायला दहा वर्षं दिली. 2024 मध्ये नवी इप्सिलॉन आली, स्पेनच्या सारागोसाजवळच्या कारखान्यातून. देखणी आणि बरीच महाग. नवं गिऱ्हाईक हवं होतं, ते फिरकलं नाही, आणि जुनं दारातूनच परतलं. 2025 च्या पहिल्या सहामाहीत विक्री आदल्या वर्षाच्या निम्म्याहूनही खाली गेली.

तावारेस डिसेंबर 2024 मध्येच पायउतार झाले. त्यांची दहा वर्षं आता कुणी मोजायची? पुढं गॅमा, मग पुन्हा डेल्टा, अशा नव्या गाड्यांच्या घोषणा झाल्यात. त्या गाड्या येतीलही.

(दृश्य : तूरिनची गल्ली, सकाळ.)

भाजीच्या दुकानासमोर जुनी इप्सिलॉन उभी आहे. दोन्ही बंपर खरचटलेले. मालकीणबाई डिकीत पिशव्या ठेवतात आणि एका झटक्यात, मागं न बघता, गाडी बाहेर काढतात.