हार्लेमचं कॉलेज आणि दोन आठवडे बंद गेट

टेकडीवर किल्ल्यासारखं बांधकाम असलेलं एक कॉलेज आहे, ते न्यूयॉर्कचं सिटी कॉलेज. आहे हार्लेममध्ये, त्या काळात फीसुद्धा नव्हती, तरी १९६९ मध्ये आसपासच्या वस्तीतली पोरं वर्गात फार कमी दिसायची. वस्ती कुणाची, तर कृष्णवर्णीयांची आणि पोर्तो रिकोहून आलेल्यांची. पोर्तो रिको म्हणजे कॅरिबियन समुद्रातलं स्पॅनिश बोलणारं बेट, १८९८ पासून अमेरिकेच्या ताब्यात, १९१७ ला तिथल्या लोकांना नागरिकत्व मिळालं, म्हणजे व्हिसाबिसाची भानगडच नाही, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तर विमानं भरभरून लोक इकडे आले, ईस्ट हार्लेमला नावच पडलं एल बारियो, म्हणजे स्पॅनिशमध्ये ‘वस्ती’.

२२ एप्रिल १९६९ ला या दोन्ही समाजांतल्या विद्यार्थ्यांनी साऊथ कॅम्पसचं गेट आतून लावून घेतलं. दोन आठवडे कॉलेज ठप्प! मागण्या पाच. विद्यार्थी म्हणत, आमच्या इतिहासाचं वेगळं स्कूल काढा, प्रवेशात शहरातल्या शाळांमधलं आमचं प्रमाण दिसू द्या वगैरे, पण मला विचाराल तर सगळ्यात हुशार मागणी ही, की जो शिक्षक व्हायला शिकतोय त्याने स्पॅनिश आणि आमचा इतिहास शिकलाच पाहिजे. उद्या हाच आमच्या धाकट्या भावंडांच्या वर्गावर जाणार, आणि पोराला इंग्रजी येत नाही म्हणजे पोरगं ढ, असं ठरवून मोकळा होणार.

पुढच्याच वर्षी सिटी युनिव्हर्सिटीने, म्हणजे सिटी कॉलेज ज्याचा भाग आहे त्या शहराच्या विद्यापीठाने, शहरातल्या प्रत्येक हायस्कूल पास मुलाला प्रवेश खुला केला. साऊथ ब्राँक्समध्ये टायरच्या जुन्या कारखान्यात होस्टोस कॉलेज सुरू झालं, स्पॅनिश-इंग्रजी दोन्हीत शिकवणारं. मग १९७५-७६ ला शहराची तिजोरी रिकामी झाली, होस्टोस दुसऱ्या कॉलेजात मिसळून टाकायचं ठरलं, तर विद्यार्थी-प्राध्यापकांनी बिल्डिंगच ताब्यात घेतली. कॉलेज वाचलं, मोफत शिक्षण मात्र १९७६ ला गेलं ते गेलंच.

आणि १९७३ ला उभं राहिलं पोर्तो रिकन अभ्यास केंद्र, सगळे त्याला सेंत्रो म्हणतात, आता याच युनिव्हर्सिटीच्या हंटर कॉलेजकडे आहे. त्यांच्या संग्रहात पोर्तो रिको सरकारच्या न्यूयॉर्क ऑफिसची जुनी कागदपत्रं आहेत, त्यात ओळखपत्रासाठी केलेले अर्ज, फोटोसकट. नागरिक तर होतेच हो, पण स्पॅनिश बोलणारा माणूस नोकरी मागायला गेला की आधी तू इथलाच कशावरून ते दाखव, म्हणून हे कार्ड काढायचं. आज सेंत्रोत अभ्यासाला येणारी पोरं हेच अर्ज काढून बसतात.